बाकं मोजत चालायचं: लकवा होऊन गेलेल्यांचा चालण्याचा ग्रुप कसा उभा करायचा

अंगावरनं वारं गेलेल्या माणसाकडं पहिले दोन महिने रीघ लागलेली असते. नारळपाणी घेऊन येणारे, मालिशवाल्याचा नंबर देणारे, एक पाहुणा तर मला कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगून गेला. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागतात, फिजिओचे दिवस संपतात कारण पैसे संपतात, आणि डॉक्टर सांगतात 'आता रोज चाला'. कुठं चालू, किती चालू, कुणाबरोबर, पडलो तर कोण उचलणार, हे विचारायला आपलं तोंडच वळत नसतं.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. पाच वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, तेव्हा वय ५३. बोलणंही अडकलेलं, 'हो' म्हणायचं असलं की तोंडातून 'नाही' यायचं आणि बायको वाढायची थांबायची. आता बोलतो, काठी घेऊन चालतो, हे सगळं डाव्या हातानं आणि अर्धं फोनला बोलून टाइप केलंय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या बागेत आमचा ग्रुप चालतोय त्याला चार वर्षं झाली. वहीत १७ नावं आहेत, रोज येणारे आठ-नऊ. बाहेरगावचे लोक विचारतात आमच्याकडं कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहितोय. पायरी एक, पायरी दोन असं लिहिणार होतो पण पायऱ्या म्हटलं की आमच्या मंडळींच्या पोटात गोळा येतो, तेव्हा आपण त्याला स्टॉप म्हणू.

स्टॉप १: पाच माणसं शोधा, पन्नास नको

मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी अंधेरीत लोखंडवालाच्या बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा तिथंही पाचच माणसं होती, त्यामुळं आकड्याची लाज वाटून घेऊ नका. आम्ही तिघांनी सुरुवात केली, त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं आणि एकाला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं.

माणसं कुठं मिळतात? गावातल्या फिजिओच्या क्लिनिकच्या बाहेरच्या बाकड्यावर. मेडिकल दुकानात, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या दर महिन्याला न्यायला येणारे दुकानदाराला तोंडपाठ असतात, पण त्याच्याकडं नावं मागायची नाहीत, आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून यायची आणि ज्याला वाटेल तो फोन करेल. न्हाव्याकडं पण चिठ्ठी ठेवा. आमचे नाना तिथनंच मिळाले, दाढी करायला मुलगा उचलून आणायचा त्यांना.

आलेल्या प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना विचारून यायचं, यात सूट नाही. तीन प्रश्न पुरतात: चालायला परवानगी आहे का, बीपी किती असलं तर चालायचं नाही, आणि हृदयाचा किंवा फिट येण्याचा काही त्रास आहे का. उत्तर वहीत लिहायचं. त्याच पानावर कुठली बाजू अधू, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, घरच्या दोन माणसांचे नंबर. ही वही रोज बागेत आलीच पाहिजे, घरी कपाटात ठेवलेल्या वहीचा उपयोग नाही. आणि ती गल्लीत फिरवायची पण नाही, लोकांच्या आजाराची यादी आहे ती.

चालता येत नाही म्हणून कुणाला नाही म्हणू नका. व्हीलचेअरवर बसून येणाऱ्या दोन काकी आहेत आमच्याकडं, त्या येतात, बसतात, सगळ्यांच्या चालण्यातल्या चुका काढतात.

स्टॉप २: रस्ता निवडा, आणि तो बाकांत मोजा

इथं जरा जास्त वेळ घालवतो कारण बहुतेक ग्रुप इथंच फसतात. धडधाकट माणूस जागा बघायला जातो आणि म्हणतो मस्त आहे, एक किलोमीटरचा ट्रॅक आहे. आमच्या माणसाला किलोमीटर काय करायचाय? त्याला पुढचं बाक दिसलं पाहिजे. बाक दिसलं की पाय निघतो, नाही दिसलं की माणूस गेटातनंच परत फिरतो आणि घरी जाऊन म्हणतो पाय दुखतोय.

तर बाकांमधलं अंतर पावलांनी मोजा, म्हणजे तुमच्या नाही, ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाच्या पावलांनी. आमच्या बागेची फेरी २६० मीटरची, बाकं होती पाच, आणि दोन बाकांच्या मधे एका जागी तब्बल ९० मीटर मोकळं. आप्पांची दमछाक चाळीस पावलांतच व्हायची. नगरपालिकेला दोन अर्ज दिले, शिक्के मिळाले, बाकं नाही मिळाली. मग एक युक्ती सुचली. बागेतल्या प्रत्येक बाकावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतंच की नाही, तर आम्ही गावातल्या अशा घरांकडं गेलो जिथं नुकताच कुणाचा वर्षश्राद्धाचा कार्यक्रम होता, आणि जेवणावळीतले थोडे पैसे बाकाला द्या म्हटलं. वर्षात चार बाकं आली, आणि बाक द्यायचं म्हटल्यावर परवानगी लगेच मिळाली, हेही सांगून ठेवतो. मात्र देणाऱ्याला आधीच सांगा की बाकाला हात टेकायला दांडी पाहिजे आणि बसायची उंची दीड फुटाच्या आसपास पाहिजे, कारण खोल बाकावर आमचा माणूस बसतो पण उठत नाही.

जागा बघताना आणखी काय बघायचं ते सांगतो. गेटाला जनावरं येऊ नयेत म्हणून ते वाकडंतिकडं लोखंडी गेट असतं, त्यातून चार पायांची काठी निघत नाही, दुसरं गेट उघडून मिळतं का विचारा. पेव्हर ब्लॉक कुठं खचलेत ते बघून खडूनं खूण करा. गुळगुळीत फरशी पावसात तेलासारखी होते. आणि त्या अॅक्युप्रेशरच्या दगडांच्या ट्रॅकवर चालायचं नाही, कुणीही कितीही सांगितलं तरी. लकव्यानंतर बऱ्याच जणांच्या तळपायाची जाणीव गेलेली असते, त्यात शुगर असेल तर आणखी, पाय सोलवटला तरी कळत नाही. आमच्या एका मामांना घरी जाऊन मोजा काढल्यावर रक्त दिसलं.

संडास जवळ पाहिजे. लकव्यानंतर लघवी धरवत नाही हे कुणी बोलत नाही, पण निम्मी माणसं याच भीतीनं घराबाहेर पडत नाहीत असं माझं मत आहे.

स्टॉप ३: पहिल्याच दिवशी १० मीटरचं माप घ्या

हे फिजिओ मॅडमनी शिकवलं आणि फार कामाचं आहे. सपाट जागी खडूनं दोन रेघा मारा, मधे १० मीटर. माणसाला पहिल्या रेघेच्या दोन मीटर मागून चालायला सुरू करू द्या आणि दुसऱ्या रेघेच्या दोन मीटर पुढं जाऊन थांबू द्या, म्हणजे निघतानाचा आणि थांबतानाचा वेळ धरला जात नाही. मोबाइलवर फक्त मधल्या १० मीटरचे सेकंद मोजा. नेहमीच्या चालीनं, पळवायचं नाही, काठी, पायाचा स्प्लिंट जे वापरतात ते असू दे.

२५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर माणूस सध्या घरातल्या घरात चालण्याइतका आहे असं समजायचं, साडेबारा सेकंदांच्या आत आला तर बाजारात, रस्त्यावर फिरण्याइतका, मधला असेल तर बाहेर थोडंफार. हे हिशेब १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जॅकलीन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले, सेकंदाला ०.४ मीटर आणि ०.८ मीटर अशा दोन रेषा. जगभर फिजिओ आजही वापरतात. यावरून ग्रुपचे तीन भाग पडतात आणि कुणाबरोबर माणूस द्यायचा ते कळतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला परत मापायचं. आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा, मोठ्यानं वाचायचा नाही, आम्ही एकदा वाचला आणि एक तात्या पंधरा दिवस आले नाहीत.

स्टॉप ४: बूट, स्प्लिंट, काठी

चप्पल बंद. मागून पट्टा असलेली सँडल किंवा वेलक्रोचा बूट, कारण एका हातानं नाडी बांधता येत नाही. ज्यांचा पंजा लोंबतो, चालताना बोटं जमिनीला घासतात आणि मग पाय गोल फिरवून टाकावा लागतो, त्यांना पायाचा प्लॅस्टिकचा स्प्लिंट दिलेला असतो, त्याला एएफओ म्हणतात. निम्म्या घरांत तो माळ्यावर पडलेला असतो कारण बुटात बसत नाही. बूट एक नंबर मोठा घ्या, आतलं सोल काढा, लांब मोजा घाला, बसतो. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाल वण बघा, अर्ध्या तासात गेला तर ठीक, राहिला तर तो घासून नीट करून घ्यायचा, तोपर्यंत घालायचा नाही.

काठी चांगल्या हातात. सगळे नातेवाईक उलटं सांगतात, अधू पायाकडं धर म्हणून, ऐकू नका. चांगल्या हातातली काठी आणि अधू पाय एकदम पुढं जातात, मग चांगला पाय. उंची अशी की हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या वळीशी यावी. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला, कुठल्याही मेडिकलात मिळतं. आणि गेटाला पायऱ्या असतीलच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

स्टॉप ५: बरोबरचा माणूस कुठं उभा राहणार

अधू बाजूला, अर्धं पाऊल मागं. बस्स. पुढं राहून हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. लकव्यानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडतात, हात ओढला की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. माझा असाच गेला, प्रेमानं ओढणाऱ्या मेव्हण्यानं. धरायचंच असेल तर कंबरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि तो मागून धरा.

काही जणांना, विशेषतः डावी बाजू गेलेल्यांना, डावीकडचं जगच नसल्यासारखं होतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या दाराला खांदा आपटतो. अशा माणसाच्या डाव्या हाताला माणूस पाहिजेच, आणि त्यानं अधूनमधून 'डावीकडं बघा, झाड आलं' असं सांगत राहायचं.

मदतनीस कुठून आणायचे तर कॉलेजची एन.एस.एस.ची पोरं येतात, पण परीक्षा आली की गायब. आमच्याकडं टिकले ते लकवा होऊन बरे झालेले दोघं आणि रिटायर झालेले एक शिक्षक.

स्टॉप ६: रोजचा अर्धा-पाऊण तास

आल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग बीपी, चांगल्या हातावर. आमच्या मॅडमनी दिलेला आकडा असा की वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढं असेल तर जरा वेळानं परत मोजायचं, तरीही तेवढंच असेल तर त्या दिवशी चालायचं नाही, बाकावर बसायचं आणि आजच डॉक्टरांना फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा कमी आकडा सांगितला असेल तर तोच खरा. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन असणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही, शुगर १०० च्या खाली दिसली तर आधी थोडं खाऊन मग चालायचं.

मग पाच मिनिटं बसल्या बसल्या घोटा, गुडघा हलवायचा, बाकावरून उठ-बस पाच वेळा. मग चालणं. सुरुवातीला एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, बसायचं, परत. पहिल्या आठवड्यात कुणी चार बाकं झाली तर भरपूर. दर आठवड्याला एक बाक वाढवायचं, आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर एक कमी करायचं, लाज नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा २०१४ चा सल्ला आहे आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं, आणि ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केलं तरी चालतं. म्हणजे आमच्या बाका-बाकाच्या चालण्याला शास्त्राचा आधार आहे, फक्त त्यांनी बाकं म्हटलेलं नाही एवढंच.

किती दमायचं याचा साधा नियम सगळे सांगतात, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. पण आमच्यात ज्यांची वाचाच गेलीय त्यांनी काय करायचं? त्यांना आम्ही बोटं दाखवायला शिकवलंय, एक बोट म्हणजे काही नाही, पाच बोटं म्हणजे संपलो. तीनवर थांबायचं. नाडी मोजत बसू नका, बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की दमलं तरी नाडी वाढत नाही.

आणि आता सगळ्यात वादग्रस्त नियम. चालताना बोलायचं नाही. लोक म्हणतात अहो ग्रुप कशाला मग, पण लकव्यानंतर चालणं आपोआप होत नाही, प्रत्येक पावलाला डोकं लागतं, आणि बोलायला लागलं की ते डोकं तिकडं जातं आणि पाय अडकतो. आमच्याकडं पहिल्या वर्षी तीन जण पडले, तिन्ही वेळा गप्पा रंगल्या होत्या, एकदा तर विषय माझ्याच डेपोचा होता. म्हणून शिट्टी आणली. एक शिट्टी म्हणजे थांबा आणि बसा, दोन म्हणजे निघा, सिंगल बेल डबल बेल, तीस वर्षं हेच केलंय. बाकावर बसल्यावर वाटेल तेवढं बोला.

ग्रुप कधीही दोन ठिकाणी विभागला जाऊ द्यायचा नाही असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही. पुढं जाणारे जाऊ देत, फक्त फेरी छोटी ठेवा म्हणजे ते फिरून परत आपल्याच बाकाशी येतात. मागं पडलेल्याची कुणी वाट बघतंय असं त्याला वाटलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

वेळ म्हणाल तर थंडीत पहाटे नको, ऊन आल्यावर साडेसात-आठला. उन्हाळ्यात साडेसहा. पाऊस आला की शाळेचा व्हरांडा किंवा मंगल कार्यालय, लग्नाची तिथी नसेल तेव्हा फुकट देतात. आम्ही आधी देवळाच्या सभामंडपात गेलो होतो, छान मोकळा, पण चपला काढाव्या लागतात आणि बुटाशिवाय स्प्लिंट फरशीवर सरकतो, दुसऱ्याच दिवशी बंद केलं.

स्टॉप ७: कट्टा

चालणं अर्ध्या तासाचं, पण माणूस येतो तो नंतरच्या चहासाठी. चहा देताना एक सांभाळा, वहीत ज्याच्यापुढं ठसका लिहिलाय त्याला त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातळ काही देऊ नका. गिळायचे स्नायू ढिले असले की चहा, पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. आग्रह करायची आपली सवय इथं जीवावर येते.

कट्ट्यावरचे नियम आम्ही ठेचा खाऊन शिकलो. औषधाचा सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही, 'मला ही गोळी लागू पडली' हे वाक्यच बाद. कुणाची तुलना नाही. 'होशील लवकर बरा' असंही नाही, कारण पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जेवढ्या झपाट्यानं सुधारतं तेवढं नंतर सुधारत नाही हे प्रत्येकाला आतून माहीत असतं. नंतरही सरावानं फरक पडतोच, पण तो इंचा-इंचानं, आणि ते एकमेकांचं बघून जेवढं पटतं तेवढं डॉक्टरांचं ऐकून पटत नाही. माझ्या शर्टाची गुंडी मी तिसऱ्या वर्षी लावली. हे मी नवीन माणसाला सांगतो, बाकी काही सांगत नाही.

वाचा अडकलेल्या माणसाशी बोलताना त्याचं वाक्य पूर्ण करू नका. मनात दहा आकडे मोजा. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, एका वेळी एकच, आणि मोठ्यानं ओरडू नका, तो बहिरा नाही. पाटी-पेन्सिल ठेवा, चित्र काढता येतं. एक गंमत सांगतो, आमच्या तात्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही पण आरती सुरू केली की ते शेवटपर्यंत म्हणतात, शब्द न चुकता. मेंदूत पाठ असलेलं आणि गाण्यातलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं म्हणतात. म्हणून कट्ट्याची सुरुवात आम्ही हरिपाठाच्या एका अभंगानं किंवा आरतीनं करतो, ज्याला नको त्यानं गप्प बसावं. तात्यांचा आवाज लागला की त्यांच्या बायकोचा चेहरा बघावा.

मधेच कुणीतरी रडतं, किंवा हसू आवरत नाही, दुःखाच्या बातमीवरसुद्धा. तो मेंदूच्या इजेचाच भाग असतो, मनात तसं असेलच असं नाही. सगळ्यांनी माना वळवून बघायचं नाही, विषय बदलायचा, दोन मिनिटांत जातं. पण जो गप्प झालाय, जेवत नाही, झोपत नाही, 'मी गेलो तर बरं' म्हणतो, तिथं विषय बदलायचा नाही. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. सरळ घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडं घेऊन जा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मराठीत बोलता येतं.

न आलेल्याला त्याच दिवशी फोन. हा नियम मोडला की ग्रुप मोडतो. ज्याला बोलता येत नाही त्याला व्हिडिओ कॉल, नुसता चेहरा दाखवला तरी पुरे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाइप करू नका, व्हॉइस नोट टाका, आमच्यातल्या निम्म्यांना वाचताना अक्षरं पळतात. लकव्यावर रामबाण उपायाचे फॉरवर्ड टाकणाऱ्याला आम्ही एक दिवस सगळ्यांचा चहा पाजायला लावतो.

कट्ट्यावर कागदपत्रांची कामंही होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर बऱ्याच सवलती मिळतात, आणि नुसते हातपाय नाहीत, कायमची गेलेली वाचासुद्धा त्यात धरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. आधी जाऊन आलेला एक जण बरोबर द्या, कुठल्या खिडकीला काय मागतात ते त्याला माहीत असतं.

स्टॉप ८: बायका आणि घरची माणसं

आमच्या वहीत १७ पैकी फक्त पाच बायका. लकवा काय पुरुष बघून येतो का? नवरा पडला तर बायको त्याला हाताला धरून आणते, बायको पडली तर तिला आणायला कुणाला वेळ नसतो, आणि तिला स्वतःलाही वाटतं की सून घरात राबतेय आणि मी बागेत कशी जाऊ. उपाय म्हणून आम्ही संध्याकाळी साडेचारची वेगळी वेळ केली आणि चालणाऱ्यांतल्या दोन काकी अशा बायकांच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणतात. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा गाऊनवर ओढणी, निरी पायात येते. एकीच्या सासूबाईंनी यावर बरंच ऐकवलं, आता त्या स्वतः गाऊनमध्ये येतात.

सांभाळणाऱ्या माणसांचा महिन्यातून एकदा वेगळा कट्टा करा, पेशंटशिवाय. ती बोलतात, रडतात, भांडतात. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळानं पेशंट आणि घरचे दोघांनाही एकत्र धरून काम उभं केलंय, घरच्यांसाठीही काही करावं हे आम्हाला तिथनंच सुचलं. पहिल्याच बैठकीत आमच्या घरच्या मंडळींनी माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

स्टॉप ९: काही झालं तर

पडला तर लगेच उचलायचं नाही. श्वास, शुद्ध, डोकं, कंबर, दुखतंय कुठं हे बघा. काही नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, चांगल्या हातावर टेकून बसू द्या, समोर खुर्ची ठेवा, गुडघ्यावर येऊन चांगल्या पायावर जोर देऊन तो स्वतः उठेल, तुम्ही पट्टा धरा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना, आतून रक्तस्राव होऊ शकतो.

फिट आली तर कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ लावा. कांदा, चप्पल, चमचा यातलं काही तोंडाजवळ न्यायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा पहिल्यांदाच आली, तर १०८.

आणि परत लकवा. लकव्याच्या दर चार पेशंटमागं साधारण एक जण आधी होऊन गेलेला असतो, म्हणजे आम्हीच. तोंड एकीकडं ओढलं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, एकदम तोल गेला, एकदम दिसेनासं झालं, यातलं नवीन काहीही दिसलं तर घड्याळात किती वाजले ते लिहा आणि १०८. अडचण अशी की आमची तोंडं आधीच वाकडी असतात, म्हणून प्रत्येकाचा नेहमीचा चेहरा कसा आहे याचा फोटो वहीत चिकटवलाय, हसतानाचा. पाणी नाही, गोळी नाही, अॅस्पिरिनसुद्धा नाही, कारण मेंदूत रक्ताची गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तालुक्याच्या गावात हा सगळा वेळ 'आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू' यात जातो. रात्रंदिवस सीटी स्कॅन चालू असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आजच फोन करून विचारा आणि वहीत लिहा. शुगरवाल्याची शुगर जाता जाता बघा, शुगर उतरली तरी अगदी लकव्यासारखंच दिसतं.

शेवटचा स्टॉप: शिट्टी दुसऱ्याला द्या

एका माणसावर चालणारा ग्रुप त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात बंद पडतो. म्हणून वही, बीपी मशीन आणि शिट्टी या तीन गोष्टी तीन घरांत ठेवा आणि दर महिन्याला फिरवा.

शिट्टी तात्यांकडं द्यायची असं ठरलं तेव्हा बरीच कुजबुज झाली, बोलता येत नाही त्याला ग्रुप कसा सांभाळायला द्यायचा. मागच्या महिन्यात मी मुलीकडं आठ दिवस पनवेलला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला न राहवून तात्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. मागं सगळे बाकावर बसलेले दिसले, नाना कसलीतरी गोष्ट सांगत होते. मी विचारलं, किती बाकं झाली? तात्यांनी माझ्याकडं बघितलं, एक बोट वर करून थांब म्हणून खुणावलं, फोन खिशात टाकला, आणि मला फक्त ऐकू आलं, दोन शिट्ट्या, आणि काठ्यांचा आवाज.